‘मला काहीही चालेल’ला सुट्टी!

परदेशवारी ठरली की आपल्याकडे पहिली तयारी कशाची होते? व्हिसाची? छे! पहिली तयारी होते ती ठेपल्यांची, चकलीच्या डब्याची आणि गरम पाण्यात टाकून खायच्या उपम्याच्या पाकिटांची. बॅगेचं वजन करायला घरात काटा आणला जातो आणि निम्मी बॅग खाण्यानेच भरते. मीही त्याच पंथातली. पण गेल्या वर्षी आम्ही तिघी मैत्रिणी आपापल्या जबाबदारीवर सिंगापूरला जाऊन आलो आणि त्या सहलीची सगळ्यात जास्त तयारी आम्ही केली ती जेवणाची. कुठे, किती वाजता, किती पैशांत आणि मुख्य म्हणजे कुणाच्या आवडीचं जेवायचं, हे सगळं एका शंभर पानी वहीत लिहून काढलं होतं. घरचे हसले. पण त्या वहीमागे एक कारण होतं, तेच आधी सांगते.

आमची मैत्री लोकलची. चांगली एकतीस वर्षांची. ती बदलापूरला चढायची, त्यामुळे बसायला जागा तिला मिळायची. मी अंबरनाथची. तिसरी उल्हासनगरची, गाडीत शिरायच्या आधीच दारातून ‘सरको, सरको’ असा पुकारा करणारी. लेडीज डब्यात आडनावं कोण लक्षात ठेवतं? स्टेशन हेच आडनाव. त्यामुळे आम्ही एकमेकींना आजही बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर अशाच हाका मारतो. ठाणं येईपर्यंत तिघींचे डबे उघडलेले असायचे. उल्हासनगरच्या डब्यात दाल-पकवान नाहीतर कोकी. माझ्या डब्यात काहीही, पण शुक्रवारी बोंबलाची चटणी ठरलेली. आणि बदलापूरचा डबा शुद्ध शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा नाही. उन्हाळ्यात मात्र तिच्याकडून बदलापूरची टपोरी जांभळं यायची आणि पुढचे चार दिवस आमच्या जिभा जांभळ्या!

फ्लॉरेन्सची ती दुपार

२०१८ साली उल्हासनगर आणि मी, दोघी आपापल्या नवऱ्यांसह युरोपला गेलो होतो. ग्रुप टूर होती. आपल्याकडच्या टूर कंपन्यांनी मराठी माणसाला परदेश दाखवला तो वरण-भातासकट, हे मान्यच करायला हवं. १९८४ साली केसरी पाटील यांनी ‘केसरी टूर्स’ सुरू केली, २०१३ मध्ये त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी ‘वीणा वर्ल्ड’ काढली. फक्त बायकांच्या सहलींमुळे तर कित्येकजणींनी आयुष्यात पहिल्यांदा एकटीने विमान पाहिलं. अशा सहलीत जेवणाची चिंता आपल्याला नसते. चिंता सुरू होते ती कार्यक्रमपत्रिकेत ‘दुपार मोकळी, जेवण स्वखर्चाने’ असं लिहिलेलं असतं त्या दिवशी!

आमची तशी दुपार फ्लॉरेन्सला होती. पुतळे बघण्यात वेळ गेला आणि जेवायला निघालो तेव्हा तीन वाजत आले होते. समोर एक छानसं रेस्टॉरंट दिसलं, दार उघडं, टेबलं मांडलेली. उल्हासनगरला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्शुलिन घ्यावं लागतं. आता बसायचंच आहे म्हणून तिने तिथल्या स्वच्छतागृहात जाऊन इंजेक्शन घेतलं. बाहेर येते तर वेटर हात जोडून उभा. किचन बंद! आता संध्याकाळी सातला.

इटलीत दुपारचं जेवण साधारण अडीचपर्यंतच मिळतं आणि मग बऱ्याच ठिकाणच्या चुली थेट संध्याकाळी पेटतात, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरीकडे गेलो, तेच. तिसरीकडे तेच. तोवर ती घामाने डबडबली, हात थरथरायला लागले. बोलणं विसंगत झालं. वाटेत दोन ठिकाणी ‘बार’ अशी पाटी दिसली होती, पण आम्ही मान वळवून पुढे गेलो. बारमध्ये कसं शिरायचं? शेवटी तिच्या नवऱ्याने धीर करून तिला तिसऱ्या बारमध्ये नेलं. आणि बघतो तर काय, आत कॉफीचं मशीन, काचेच्या कपाटात सँडविच आणि केक! इटलीत ‘बार’ म्हणजे दिवसभर चालू असणारं कॉफी-नाश्त्याचं दुकान. काउंटरवरच्या मुलाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता साखरेच्या पुड्या पुढे सरकवल्या. पंधरा-वीस मिनिटांनी ती माणसात आली.

चूक कुणाचीच नव्हती आणि होती ती आमचीच. चूक एवढीच की म्युझियमचं तिकीट आम्ही दोन महिने आधी काढलं होतं, पण जेवायचं कुठे हे पाच मिनिटं आधीही ठरवलं नव्हतं.

तीन रकाने

मधली दोन-तीन वर्षं कोविडने खाल्ली. मग एकेक करत आम्ही तिघीही निवृत्त झालो. बदलापूरच्या घरी सासूबाईंचं दहा वर्षांचं अंथरूण, त्यातून ती मोकळी झाली आणि एके दिवशी उल्हासनगरने विषय काढला, ‘‘चलो ना, सिंगापूर! फक्त आपण तिघी.’’ विमान साडेपाच तासांच्या आसपास, घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, इंग्रजी चालतं आणि पायी हिंडायला सुरक्षित. ठरलं.

पहिल्याच बैठकीला मी वही काढली. प्रत्येकीच्या नावाने एक पान आणि पानावर तीन रकाने : काय चालतं, काय चालत नाही, काय हवंय. उल्हासनगरने पहिले दोन रकाने डॉक्टरांना विचारून भरले आणि तिसऱ्यात लिहिलं : साते, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. मी लिहिलं : फिश हेड करी. बदलापूरने पहिले दोन रकाने पानभर भरले. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही... आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं असेल? ‘मला काहीही चालेल.’

मी तो रकाना खोडला. म्हटलं, हे उत्तर नाही. तुझी निवड कळेपर्यंत पान कोरं राहील.

काहीही चालतं असं म्हणणाऱ्या बाईला खरं तर कितीतरी गोष्टी चालत नसतात. ती फक्त बोलत नाही. आमच्या बदलापूरने एकतीस वर्षांत हॉटेलात कधी मेनूकार्ड हातात घेतलेलं मला आठवत नाही. सगळ्यांचं सांगून झालं की उरलेल्यातलं ती खायची.

यावरून मला आपल्या शेजारच्या कल्याणची आठवण येते. आनंदीबाई जोशी तिथल्याच, जन्म १८६५ चा. १८८३ मध्ये अवघ्या अठराव्या वर्षी त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आपण तिथे हिंदू म्हणूनच राहणार, हे त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. शाकाहार त्यांनी सोडला नाही. परक्या थंडीत, परक्या चुलीवर त्यासाठी काय काय सोसलं असेल! १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांना जे मिळेल त्यात भागवावं लागलं. आपल्या हातात मोबाइल आहे, चार दिवस आधी ईमेल करता येतो. तरी आपण ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतो!

विमानापासूनच सुरुवात

जेवणाचं नियोजन विमानापासून सुरू होतं बरं का! तिकिटात जेवण असेल तर साधारण चोवीस तास आधी आपल्याला हवं ते जेवण नोंदवता येतं. त्याला चार अक्षरी खुणा असतात. ‘एव्हीएमएल’ म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी, ‘व्हीजेएमएल’ म्हणजे जैन, ‘डीबीएमएल’ म्हणजे मधुमेहींसाठीचं. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर कधी कधी उकडलेल्या भाज्यांचा ढीग समोर येतो. खास जेवण आधी आणून देतात, हा आणखी एक फायदा. उल्हासनगरने इन्शुलिन हातातल्या बॅगेत ठेवलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. सामानाच्या बॅगेत ते कधीच टाकायचं नाही, विमानाच्या पोटातल्या थंडीने खराब होऊ शकतं.

आता खाऊच्या बॅगेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. बदलापूरने नेहमीप्रमाणे डबाभर अनारसे केले होते. निघायच्या आदल्या दिवशी उल्हासनगरच्या सिंगापूरमधल्या चुलतभावाचा फोन आला, ‘‘खसखस तर आणत नाही ना?’’ सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे! दुबईकडेही तेच. तिथे तिची गणना अमली पदार्थांच्या सोयऱ्यांत होते. आपण अनारसे खसखशीवर थापतो, काळ्या मसाल्यातही बऱ्याच घरी ती असते. सगळे अनारसे अंबरनाथला माझ्या घरी राहिले आणि माझ्या नातवंडांची दिवाळी झाली. च्युइंगम आणि तोंडात धरायची तंबाखूही तिथे चालत नाही. तेव्हा खाऊची बॅग भरायच्या आधी त्या देशाचे नियम एकदा वाचा.

मग नेलं काय? खाकरे, भाजलेले चणे, उल्हासनगरच्या हातची कोकी आणि राजगिऱ्याच्या वड्या. एवढंच. हे जेवण म्हणून नाही, अडीअडचणीला. राजगिऱ्याच्या वड्या तिघींच्याही पर्समध्ये वाटून ठेवल्या होत्या. फ्लॉरेन्सची आठवण!

साधं जेवण : हॉकर सेंटर

सिंगापूरमध्ये ‘हॉकर सेंटर’ नावाची एक फार छान सोय आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने छपराखाली ओटे बांधून दिले, पाणी-स्वच्छतेची व्यवस्था केली आणि त्यातून ही मोठमोठी खाऊघरं उभी राहिली. २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. चिनी, मलय, तमिळ... शंभर प्रकारचे ठेले एका छताखाली. पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून आम्ही एक डॉलर म्हणजे सत्तर रुपये धरले होते. म्हणजे साडेतीनशे-चारशे रुपयांत जेवण.

इथले रीतिरिवाज मात्र शिकून घ्यावे लागतात. टेबलावर टिश्यूपेपरचं छोटं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नसतं. ती जागा धरलेली असते! आमच्या उल्हासनगरला हे इतकं आवडलं. म्हणाली, ‘‘लोकलमध्ये रुमाल टाकतो ना आपण, तेच हे!’’ जेवण झालं की ताट स्वतः उचलून ठेवायचं. २०२१ च्या सप्टेंबरपासून हॉकर सेंटरमध्ये ही सक्ती आहे, पुन्हापुन्हा चुकलं तर दंड. ताट ठेवायची मांडणीही ‘हलाल’ आणि इतर अशी वेगळी असते, पाटी बघून ठेवायचं. आणि लोकलवाल्या मैत्रिणींनो, घट्ट बसा. तिथल्या मेट्रोत खायला-प्यायला बंदी आहे. पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड पाचशे डॉलरपर्यंत! जिथे आपण डब्यात मटार सोलतो, वाढदिवसाचा केक कापतो... बदलापूर पहिल्याच दिवशी पर्समधून चणे काढत होती, मी तिचा हात धरला.

शाकाहारी मंडळींना खरी अडचण येते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. भाजी दिसते हिरवीगार, पण परतलेली असते ऑयस्टर सॉसमध्ये, म्हणजे कालवाच्या अर्कात. चटणीसारखं जे लाल लाल ‘साम्बाल’ वाढतात त्यात ‘बेलाचान’ असतं, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. नुसतं ‘व्हेजिटेरियन?’ विचारलं की समोरचा मान डोलावतो, कारण त्याच्या लेखी मांस घातलेलं नाही. म्हणून आम्ही इंग्रजीत एक कार्ड छापून नेलं होतं : मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कोळंबीचा मसाला नाही, ऑयस्टर सॉस नाही. बोलण्यापेक्षा कार्ड दाखवणं सोपं. बौद्ध पद्धतीचे चिनी शाकाहारी ठेलेही असतात. तिथे मात्र बदलापूर हबकली, कारण पाटीवर ‘मटण’ आणि ‘डक’! ते सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचं खोटं मटण असतं. तिला समजावलं, तरी तिने खाल्लं नाही. म्हणाली, ‘‘खोटं का होईना, मटणच ना?’’ तिच्यासाठी लिटल इंडिया जिंदाबाद. सेरांगून रोडवरचं ‘कोमला विलास’ १९४७ पासून इडली-डोसे खिलवतंय, ‘आनंद भवन’ तर १९२४ पासून. आम्ही हॉटेलच मुळी त्या भागातलं घेतलं होतं. ज्या मैत्रिणीचं पथ्य सगळ्यात कडक, तिच्या जेवणाजवळ मुक्काम करायचा, हा आमचा पहिला नियम.

उल्हासनगरसाठी आम्ही एक शब्द पाठ केला : कोसोंग. मलय भाषेत कोसोंग म्हणजे शून्य. तिथल्या कॉफीला म्हणतात ‘कोपी’ आणि नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क आणि साखर घालून गोड मिट्ट येते. ‘कोपी-ओ-कोसोंग’ म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची. ‘कोपी-सी-कोसोंग’ म्हणजे आटवलेल्या दुधाची, पण बिनसाखरेची. दुसऱ्या दिवसापासून ती ठेलेवाल्याशी अशा थाटात बोलायची की जणू जन्म तिथेच गेला! बाटलीबंद पेयांवर ‘ए’ ते ‘डी’ अशी श्रेणी बघायची, ‘सी’ आणि ‘डी’ म्हणजे साखर किंवा चरबी जास्त. आणि इन्शुलिन? ताट समोर येईपर्यंत नाही. हे तिने स्वतःच्या डॉक्टरांना विचारून ठरवलं होतं, तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तिच्या निवडीचं जेवण झालं ‘लाऊ पा सात’ला. १८९४ साली उभारलेल्या बिडाच्या खांबांचा हा जुना बाजार. संध्याकाळ झाली की बाजूचा रस्ता गाड्यांना बंद होतो, टेबलं मांडली जातात आणि सातेचा धूर उठतो. शेंगदाण्याचा रस्सा गोड म्हणून तिने तो नावापुरताच लावला. बदलापूरने आतल्या भारतीय ठेल्यावरून डोसा आणला.

माझी फिश हेड करी रेस कोर्स रोडवर. केरळहून आलेल्या एका आचाऱ्याने चिनी गिऱ्हाइकांना आवडतं म्हणून माशाचं डोकं आपल्या आंबट-तिखट रश्श्यात घातलं आणि १९४९ च्या सुमारास हा प्रकार जन्माला आला, असं सांगतात. केळीच्या पानावर भात, भाज्या, पापड आणि मधोमध डोळे वटारून बघणारं माशाचं डोकं! बदलापूरने न बोलता आपली पर्स उचलली आणि डोक्यासमोर उभी करून ठेवली. पर्सच्या पलीकडे ती भाजी-भात जेवली, अलीकडे आम्ही. सगळ्यांना जेवता येईल अशीच जागा निवडायची, हा दुसरा नियम.

थाटाचं जेवण : टिफिन रूम

आता तिसऱ्या निवडीबद्दल. वही करून तीन आठवडे झाले तरी बदलापूरचा रकाना कोराच होता. एक दिवस मी सिंगापूरच्या ‘रॅफल्स’ हॉटेलची माहिती वाचत होते. सार्किस बंधूंनी १८८७ साली सुरू केलेलं हे हॉटेल. पांढरीशुभ्र इमारत, दारात फेटेवाला शीख दरवान, राजेराजवाडे उतरायचे तिथे. आपण बाहेरून फोटो काढावा, असं. त्यात एक उत्तर भारतीय पद्धतीचं रेस्टॉरंट आहे, त्याचं नाव ‘टिफिन रूम’. या हॉटेलात टिफिनची परंपरा १८९२ पासूनची. मी गंमत म्हणून फोनवर वाचून दाखवलं. आपल्या मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली ती १८९० ची. म्हणजे इकडे डबेवाला आणि तिकडे टिफिन रूम, जवळजवळ जुळी भावंडं!

फोनवर थोडा वेळ शांतता. मग बदलापूर म्हणाली, ‘‘माझ्या रकान्यात ते लिही.’’

मग आम्ही हिशेबाला बसलो. थाटाच्या जागी मेनूकार्डावर किमतीपुढे ‘++’ अशी खूण असते. म्हणजे दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर नऊ टक्के कर. शंभर डॉलर लिहिलं असेल तर बिल येतं ११९ डॉलर ९० सेंट. वर टीप द्यायची पद्धत नाही. हॉकर सेंटरमध्ये हा सर्व्हिस चार्ज नसतो. आम्ही खाण्यासाठी माणशी तीनशे डॉलर बाजूला काढले होते. त्यातले जास्तीत जास्त एकशे वीस या एका जेवणाला, उरलेले एकशे ऐंशी पाच दिवसांत, दिवसाला छत्तीस. साधं जेवण इतकं स्वस्त की हे सहज बसत होतं. पण एकशे वीस म्हणजे आठ हजार चारशे रुपये! बदलापूर म्हणाली, ‘‘माझा महिन्याचा किराणा येतो यात.’’ आम्हाला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. भावजया, पुतण्या, शेजारणी यांच्यासाठी आणायच्या भेटींची तिची यादी होती, त्यातली निम्मी नावं तिने खोडली होती. ‘‘परफ्युम नाही आणलं तर कोणी रागावेल. रागावू दे.’’

अशा ठिकाणी जायचं तर रात्रीपेक्षा दुपारचं जेवण बरं. बऱ्याच मोठ्या रेस्टॉरंटमध्ये दुपारचा ठरावीक मेनू रात्रीपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. टेबल आधी राखून ठेवायचं. राखताना कधी क्रेडिट कार्डचा नंबर घेतात आणि न सांगता गेलो नाही तर पैसे कापतात, ते वाचून घ्यायचं. आमच्यात एकजण शाकाहारी, एक मधुमेही, हे आम्ही ईमेलनेच कळवलं होतं. कपड्यांचा नियम असतो, हाफपँट-सपाता चालत नाहीत. आम्ही तिघी साड्या नेसून गेलो. साडी जगातल्या कुठल्याही नियमात बसते!

आत गेलो. भिंतीलगतच्या मांडण्यांवर नाना तऱ्हेचे टिफिन कॅरिअर, एकावर एक डब्यांचे. दागिन्यांसारखे मांडून ठेवलेले. आमच्या घरी हे माळ्यावर पडलेले असतात. वेटर आला आणि वयाने मोठी दिसली म्हणून असेल, आधी बदलापूरकडे वळला. मॅडम, काय घेणार? सवयीने तिने आमच्याकडे पाहिलं. उल्हासनगर आणि मी, दोघींनी मेनूकार्डात डोकं खुपसलं. आयुष्यभर मंत्रालयात फायलींवर शेरे मारणाऱ्या बाईने मग सावकाश, स्वच्छ इंग्रजीत आपलं जेवण सांगितलं. डाळ कोणती, पनीर कसं, तिखट किती. पुलाव आधी नको, शेवटी.

जेवण डब्यांतून आलं. कुणी भरलेला, कुणी आणून दिलेला, आपल्यासमोर उघडलेला डबा. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. अर्धं जेवण झाल्यावर तिने हात वर करून वेटरला बोलावलं आणि विचारलं, ‘‘अजून एक रोटी मिळेल? गरम?’’

माझ्या घशात घास अडकला. ज्या बाईच्या वाट्याला चाळीस वर्षं सगळ्यांचं झाल्यावरची शेवटची पोळी आली, ती दुसऱ्यांदा गरम रोटी मागत होती. तीही न संकोचता. रोटी आली, वाफाळती. तिने ती मोडली, वाफ जाऊ दिली आणि जेवायला लागली.

आमच्या वहीतून

* सहलीच्या तारखा ठरवताना कॅलेंडरमध्ये संकष्टी-एकादशी बघा. उपास सोडायचा चंद्रोदय त्या गावचा धरावा लागतो.
* जिथे जाणार तिथली जेवणाची वेळ आधी माहीत करून घ्या. इटली-फ्रान्समध्ये दुपारी अडीच-तीननंतर चुली थंड असतात.
* बिलात काय काय धरतात ते विचारा. इटलीत ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो बसण्याचेच घेतात. सिंगापूरच्या काही चिनी रेस्टॉरंटमध्ये टेबलावरचे शेंगदाणे आणि ओले टिश्यूसुद्धा फुकट नसतात. नको असतील तर आधीच परत करा.
* पाणी विकत घेत बसू नका. सिंगापूरमध्ये नळाचं पाणी पिता येतं. पॅरिसमध्ये ‘काराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी सुरईतून फुकट मिळतं.
* पाच दिवसांत एक जेवण थाटाचं, बाकी साधी. रोज मध्यम खर्चाची जेवणं घेतली तर पैसे संपतात आणि लक्षात एकही राहत नाही.
* थाटाचं जेवण पहिल्या दिवशी नको, थकवा असतो. शेवटच्याही नको, डोकं सामानात असतं.
* पर्समध्ये राजगिऱ्याची वडी. कायम.

परत येऊन आता वर्ष होत आलं. आम्ही महिन्यातून एकदा भेटतो, कधी कल्याणला, कधी उल्हासनगरला दाल-पकवान खायला. पाळीपाळीने एकीची निवड आणि ‘काहीही चालेल’ म्हणणारीला दंड : बिल तिने द्यायचं! बदलापूरने अजून एकदाही दंड भरलेला नाही.

ती शंभर पानी वही सध्या माझ्याकडे नाही. आमच्या गाडीतली एक तरुण मैत्रीण नवऱ्या-मुलांसोबत थायलंडला चालली आहे, ती घेऊन गेली. परवा तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘काकू, मुलांची पानं भरली, ह्यांचं भरलं, सासूबाईंचंही भरलं.’’

मी विचारलं, ‘‘आणि तुझं?’’

‘‘माझं काय हो, मला...’’ एवढं बोलून ती थांबली.

मी म्हटलं, ‘‘आधी तुझं पान भर. तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात कर.’’